‘इम्प्रूव्हड’ म्हणजे बरं झालं नव्हे



छावणीतल्या आमच्या बचत गटांच्या बैठकीत हिशेब संपला की पिशव्यांतून कागद निघतात. कुणाकडे दवाखान्याचा कागद, कुणाकडे बँकेचं पत्र, कुणाकडे लेकीचं प्रगतिपत्रक. “ताई, एवढं काय लिहिलंय ते सांगा.” लिहिलेलं बहुतेक इंग्रजीत असतं. हे कागद वाचून दाखवता दाखवता आमच्या एक गोष्ट लक्षात आली. फार अवघड शब्दांनी नुकसान कमी होतं, कारण अवघड शब्द दिसला की बाई विचारतेच. फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. इम्प्रूव्ह, बेटर, एन्हान्स, अपग्रेड, करेक्शन, डेव्हलपमेंट. सगळ्यांचा अर्थ ‘चांगलं झालं’ असं आपण धरून चालतो आणि कागद घडी घालून ठेवून देतो.

यामागे आपल्या मराठीचाही थोडा हात आहे. आपल्याकडे ‘सुधारणा’ हा एकच शब्द किती घरं सांभाळतो बघा. तब्येतीत सुधारणा, अक्षरात सुधारणा, कायद्यात सुधारणा, वस्तीत सुधारणा, वागण्यात सुधारणा. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. कायद्यातली ती अमेंडमेंट, तब्येतीतली इम्प्रूव्हमेंट, चुकलेल्या स्पेलिंगची करेक्शन आणि समाजाची रिफॉर्म. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढलं, ते या शेवटच्या अर्थानं. त्या पत्रात मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही विभाग होते आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. सुधारक म्हणजे रिफॉर्मर, रीत बदलू पाहणारा माणूस. त्याला कुणी ‘इम्प्रूव्हर’ म्हणणार नाही.

मग इंग्रजी शब्द निवडायचा कसा? की असलेला समजून घ्यायचा कसा? आम्ही गटात एक साधी सवय लावली आहे. चांगलं होण्याचा कुठलाही शब्द दिसला की विचारायचं: आधी काय होतं? कारण हे शब्द नंतर काय झालं यापेक्षा आधी काय होतं तेच जास्त सांगतात. ‘करेक्शन’ म्हटलं की आधी चूक होती. ‘एन्हान्स’ म्हटलं की आधीही बरंच होतं, त्यात भर पडली. ‘रिपेअर’ म्हटलं की मोडलेलं होतं. ‘रिस्टोरेशन’ म्हटलं की पूर्वी कधीतरी चांगलं होतं, मध्ये बिघडलं. आणि ‘इम्प्रूव्ह’ म्हटलं की? आधी जे काही होतं त्याच्यापेक्षा आता एक पायरी वर, बस. वर म्हणजे किती वर, ते हा शब्द सांगत नाही. आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून दवाखान्यापासून सुरुवात करतो.

रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद मिळतो, त्यावर घरी जाताना प्रकृती कशी होती याची एक ओळ असते. तिथे ‘इम्प्रूव्हड’ लिहिलेलं असतं, कधी ‘स्टेबल’, कधी ‘सॅटिस्फॅक्टरी’. घरात इंग्रजी वाचणारा असतो तो आठवीतला मुलगा. तो वाचतो, “इम्प्रूव्हड, म्हणजे सुधारली.” आणि सासूबाई म्हणतात, “चला, सुधारली ना, मग आता कशाला गोळ्या?”

आपल्या आज्या या बाबतीत आपल्यापेक्षा नेमकं बोलायच्या. “तापाला उतार पडला,” “औषधाचा गुण आला,” “आता बरं वाटतंय,” आणि शेवटी “बरी झाली.” या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. इंग्रजी ‘इम्प्रूव्हड’ बसतो तो ‘गुण आला’ या पायरीवर. ‘बरी झाली’ यासाठी इंग्रजीत ‘क्युअर्ड’ किंवा ‘रिकव्हर्ड’ लिहितात. ‘स्टेबल’ तर गुण आल्याचंही सांगत नाही. प्रकृती आहे तिथे टिकून आहे, आणखी बिघडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अतिदक्षता विभागात असलेला माणूसही ‘स्टेबल’ असू शकतो. ‘बेटर’चंही तसंच. त्यात तुलना लपलेली असते. कालच्यापेक्षा बेटर, पण काल काय होतं?

क्षयरोगात या शब्दांचा फरक जिवावर येतो. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. पण पहिल्या काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढतं. हे ‘इम्प्रूव्हड’. जंतू अजून शरीरात असतात. इथे गोळ्या थांबवल्या तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि औषधाला दाद न देणारे झाले तर पुढचा उपचार जास्त कठीण होतो. क्षयरोग कार्यक्रमात शेवटी जो निकाल लिहितात त्यातही दोन वेगळे शब्द आहेत. ज्या रुग्णाच्या तपासणीत सुरुवातीला जंतू सापडले होते, त्याने पूर्ण उपचार घेतला आणि शेवटच्या तपासणीत जंतू नाहीत, तरच ‘क्युअर्ड’. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, पण शेवटच्या तपासणीचा पुरावा नाही, तर ‘ट्रीटमेंट कम्प्लीटेड’. म्हणजे डॉक्टरसुद्धा ‘बरा झाला’ हा शब्द सहज वापरत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका घरात तिसऱ्या महिन्यात ‘इम्प्रूव्हड’ वाचून गोळ्या कपाटात गेल्या होत्या. आशाताईंनी घरी येऊन त्या परत बाहेर काढायला लावल्या. तेव्हापासून हा शब्द आम्ही प्रत्येक नव्या गटात फळ्यावर लिहितो.

दवाखान्याच्या कागदावरचा आणखी एक शब्द: ‘डेव्हलप्ड’. डेव्हलपमेंट म्हणजे विकास, म्हणून हाही चांगलाच वाटतो. पण ‘पेशंट डेव्हलप्ड फीव्हर’ म्हणजे रुग्णाला ताप आला. ‘डेव्हलप’चा अर्थ हळूहळू तयार होणं, वाढत जाणं. मूल वाढतं तसा आजारही वाढतो. तो शब्द चांगलं-वाईट काही ठरवत नाही.

आता दवाखान्यातून वस्तीत येऊ. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये तिथे ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. नावात इम्प्रूव्हमेंट होतं आणि कामात दाट वस्तीतली घरं पाडून रुंद रस्ते काढणं होतं. हवा खेळती झाली, रस्ते मोठे झाले, हे खरं. पण ज्याची खोली पाडली गेली, त्याच्या दृष्टीनं ती इम्प्रूव्हमेंट होती का? शब्द कुणाच्या बाजूनं बोलतोय, हेही बघावं लागतं.

आपल्या राज्यात झोपडपट्ट्यांसाठी जो कायदा आहे तो १९७१चा. त्याचं नावच लांबलचक आहे: महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम. कंसातले तीन शब्द नीट ऐका, कारण इंग्रजी नोटिशीत तेच येतात. ‘इम्प्रूव्हमेंट’ म्हणजे नळ, नाल्या, शौचालयं, दिवे, फरशी, दुरुस्ती, अशी वस्ती जागेवर ठेवून तिच्यात करायची कामं. ‘क्लिअरन्स’ म्हणजे ती घरं हटवणं. ‘रीडेव्हलपमेंट’ म्हणजे जुनं काढून त्या जागी नवीन बांधणं. तीनही शब्द ऐकायला सारखेच गोड वाटतात, पण पहिल्या शब्दात तुमचं दार बहुधा तिथेच राहतं आणि पुढच्या दोन्हींत ते जातं, तिसऱ्यात नव्या इमारतीत परत मिळण्याच्या बोलीवर. वस्तीच्या सभेत कुणी साहेब ‘डेव्हलपमेंट’ म्हणाला, की आमच्या बायकांनी टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारावं: साहेब, इम्प्रूव्हमेंट की रीडेव्हलपमेंट? आणि ते कागदावर कुठे लिहिलंय?

आपल्या दाराशीच एक चांगलं उदाहरण आहे. खाम नदी. शहरातून आणि आपल्या छावणीच्या भागातून वाहणाऱ्या या नदीला आपल्यातले कितीतरी जण नालाच म्हणत आले. तिच्या कामात महापालिकेबरोबर छावणी परिषदही उतरली आणि कामाला नाव दिलं ‘खाम रिव्हर रिस्टोरेशन मिशन’. ‘ब्यूटिफिकेशन’ म्हटलं असतं तर काठावर झाडं, रंगवलेल्या भिंती आणि बाकडी एवढ्यावर काम संपलं असतं. ‘डेव्हलपमेंट’ म्हटलं असतं तर काठावर काहीही बांधता आलं असतं. ‘रिस्टोरेशन’ म्हणजे मूळ रूप परत आणणं. म्हणजे हा शब्द आधी कबूल करतो की इथे नदी होती, आणि ती आपण बिघडवली. हा शब्द निवडल्यानं आपल्यालाही एक हक्क मिळतो. रंगवलेली भिंत बघून झाली की पाण्याकडे बोट दाखवायचं आणि विचारायचं, हे कधी परत येणार?

आता पैशाकडे. नाबार्डनं १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून गटाच्या बाईला बँकेच्या इंग्रजीशी संसार करावा लागतो आहे. कॅश क्रेडिट खात्याच्या कागदात दोन शब्द हमखास येतात, ‘रिन्यूअल’ आणि ‘एन्हान्समेंट’. रिन्यूअल म्हणजे आहे तीच मर्यादा पुढे चालू. दोन लाखांची होती, दोन लाखांचीच राहिली. एन्हान्समेंट म्हणजे मर्यादा वाढवणं. काही गट अर्जात ‘प्लीज इम्प्रूव्ह अवर लोन’ असं लिहितात. साहेब चांगला असेल तर समजून घेतो, नसेल तर अर्ज बाजूला पडतो. ‘एन्हान्समेंट ऑफ लिमिट’ लिहा आणि पुढे आकडा टाका, इतक्यापासून इतक्यापर्यंत. आणि एन्हान्स हा शब्द बँक कधी वापरते? आधीचं चांगलं असेल तेव्हा. परतफेड वेळेवर, बैठका नियमित, वही लिहिलेली. थकबाकी असताना एन्हान्समेंट मागायला जाणं म्हणजे करपलेल्या भाजीवर कोथिंबीर भुरभुरणं.

कोथिंबिरीवरून आठवलं. एन्हान्सला मराठीत आम्ही शोधलेला सगळ्यात चांगला शब्द म्हणजे ‘खुलवणं’. लिंबानं चव खुलते, काठानं साडी खुलते. चव आधी असावी लागते, साडी आधी असावी लागते. नूडल्सच्या पाकिटामागे बारीक अक्षरात ‘फ्लेव्हर एन्हान्सर’ असतं आणि पुढे आकडे, जसे ६२७ आणि ६३१. हे चव खुलवणारे पदार्थ आहेत. त्यांनी पोषणात काही भर पडत नाही. पोषण घातलेलं असेल तर शब्द वेगळा असतो, ‘फॉर्टिफाइड’, आणि पाकिटावर निळ्या रंगात अधिकचं चिन्ह आणि इंग्रजी एफ. मिठात आयोडीनबरोबर लोह, पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-ट्वेल्व्ह, तेल-दुधात अ आणि ड जीवनसत्त्व. दोन्ही शब्द जाहिरातीत एकाच झगमगाटात येतात. ‘न्यू इम्प्रूव्हड टेस्ट’ हा तिसरा. त्यावर आमच्या एका आपांचं म्हणणं असं, की मागच्या महिन्यात तुम्हीच ‘बेस्ट’ म्हणून विकलं होतं, मग बेस्टला आणखी इम्प्रूव्ह कसं केलं?

घरकुलाच्या कागदातही एन्हान्समेंट आलं होतं. २०१५ साली शहरांसाठी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांच्या घटकात दोन प्रकार होते. एक नवीन बांधकाम, दुसरा ‘एन्हान्समेंट’. पुष्कळ जणींना वाटलं, गिलावा, रंग, पत्रे बदलणं हे त्यात बसेल. तसं नव्हतं. असलेल्या घराला निदान ९ चौरस मीटरची भर घातली तरच ते एन्हान्समेंट. गिलावा म्हणजे रिपेअर किंवा डागडुजी. शब्दाच्या आत क्षेत्रफळ लपलेलं होतं.

‘अपग्रेड’ जरा सोपा आहे. त्यात ‘ग्रेड’ म्हणजे दर्जा आहे, दर्जाच बदलला पाहिजे. शिलाई मशीनचं उदाहरण घ्या. पट्टा बदलला, तेल घातलं, ही दुरुस्ती. पायाच्या मशीनला मोटर बसवली, ही इम्प्रूव्हमेंट. जुनी देऊन जास्त वेगाची मोठी मशीन आणली, हे अपग्रेड. कर्जाच्या अर्जात कारण लिहिताना हा फरक ठेवा, कारण दुरुस्तीसाठी एवढे पैसे कशाला, असं समोरचा विचारू शकतो.

‘अपडेट’ मात्र वेगळाच. त्यात चांगलं-वाईट काही नाही, फक्त ताजं. आपलं शहर २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या कागदावर औरंगाबाद आहे, ती चूक नव्हे. त्या दिवशी तेच नाव होतं. तेव्हा नवीन नाव घालणं हे अपडेट. पण ‘शकुंतला’चं ‘शंकुतला’ झालं असेल तर ती चूक आहे, ते करेक्शन. लग्नानंतर नाव बदलायचं तेही अपडेट. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून चुकीचं स्पेलिंग असलेला फॉर्म घाईत सही करून देऊ नका. पावती हातात पडली की तिथेच अक्षर अन् अक्षर वाचा. आणि हो, ‘अपडेशन’ असा शब्द इंग्रजीत कुणी प्रमाण मानत नाही. आपल्याकडे सगळे म्हणतात, पाटीवरही लिहितात, पण मुलाखतीत ‘अपडेट’च म्हणा.

मुलाखतीचा विषय निघालाच आहे तर आपल्या लेकींसाठी थोडं. कॉल सेंटर, दुकान, वाळूजचं ऑफिस, कुठेही विचारतात, तुमच्यात काय कमी आहे? मुली पाठ केलेलं सांगतात, “आय वॉन्ट टू इम्प्रोवाइज माय इंग्लिश.” इम्प्रोवाइज म्हणजे ऐनवेळी हाताशी असेल त्यावर निभावून नेणं. जुगाड! “मला माझ्या इंग्रजीचा जुगाड करायचाय” असं ती सांगून बसते. तिथे ‘इम्प्रूव्ह’ हवं. ‘एन्हान्स माय इंग्लिश’ म्हटलं तर चूक नाही, पण जरा मिरवल्यासारखं वाटतं, आणि ऐकणारा धरतो की हिचं इंग्रजी आधीच चांगलं आहे. मग तो भराभर इंग्रजीत बोलायला लागतो. साधा ‘इम्प्रूव्ह’ बरा.

‘मोर बेटर’ म्हणायचं नाही, कारण बेटरमध्येच ‘जास्त’ आलेलं आहे. जोर द्यायचाच तर ‘मच बेटर’. इम्प्रूव्ह आपोआपही होतं आणि आपण करतोही. मराठीत जसं ‘सुधरणं’ आणि ‘सुधारणं’ असे दोन आहेत, तिथे एकाच शब्दात भागतं. एन्हान्सला मात्र करणारा लागतो. ‘माय इंग्लिश इम्प्रूव्हड’ चालतं, ‘माय इंग्लिश एन्हान्स्ड’ चालत नाही.

शाळेच्या प्रगतिपत्रकातल्या ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’बद्दलही सांगायला हवं, कारण त्यावरून घरात मार बसतो. मराठीत “जरा सुधर” हे बोलणं लागतं. त्यात तू वाईट आहेस असा आरोप असतो, इंग्रजी ‘रिफॉर्म’सारखा. ‘इम्प्रूव्हमेंट’मध्ये तो आरोप नाही. बाईंनी लिहिलंय की या विषयात अजून काम करायला जागा आहे. पोरगी बिघडली असा त्याचा अर्थ लावू नका. पालकसभेत बाईंना विचारा, कशात? वाचनात, गणितात, की वेळेवर येण्यात?

ज्यांची शेती गावाकडे आहे त्यांच्यासाठी एक शब्द राहिला. बियाण्याच्या पिशवीवर ‘इम्प्रूव्हड’ म्हणजे सुधारित आणि ‘हायब्रीड’ म्हणजे संकरित. सोयाबीन, हरभरा, तूर यांच्या सुधारित वाणाचं निवडलेलं बी घरी ठेवून उगवण तपासून पुन्हा पेरता येतं. संकरित कापूस, मका, बाजरी यांचं बी पुढच्या वर्षी ठेवलं तर झाडं एकसारखी येत नाहीत आणि उत्पन्न घसरतं. तेव्हा दुकानदार “एकच आहे हो दोन्ही” म्हणाला तरी पिशवी उलटून बघा.

पुढच्या महिन्यात गटांचे वार्षिक अहवाल इंग्रजीत लिहून द्यायचे आहेत. ‘ग्रुप हॅज इम्प्रूव्हड’ हे वाक्य आम्ही यंदा कुणालाच लिहू देणार नाही. बचत किती होती, किती झाली. परतफेड किती जणींची वेळेवर होती, आता किती जणींची आहे, हे आकडे घेऊन या. येताना दवाखान्याचे, बँकेचे, घराचे कागदही आणा. सगळे मिळून वाचू.